मावशीचं सोवळं

"थांब, तिथेच थांब! मी सोवळ्यात आहे."

सुमेधामावशी हे म्हणाली तेव्हा तिच्या अंगात करडी ट्रॅकपँट होती, पायात लोकरीचे मोजे होते आणि तोंडाभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. मी चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकले. तिने माझ्या कपाकडे बोट दाखवलं, "तिथे स्टुलावर ठेव, मी घेते धुवायला," आणि दार लावून घेतलं.

प्रतापकाका, म्हणजे मावशीचे यजमान, दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसले होते.

"काका, हे काय नवीन?"

"श्रावण आहे," ते म्हणाले. "सोवळं पाळतेय."

"ट्रॅकपँटमध्ये?"

"ते तिला विचार बाई. माझी आई होती तेव्हा सणाला रेशमी नेसायलासुद्धा हिच्या जिवावर यायचं. आता सिडनीत येऊन धर्म सुचलाय."

ही ऑगस्ट २०२१ची गोष्ट. हॅरिस पार्कमधल्या फ्लॅटमधल्या माझ्या मैत्रिणी लॉकडाऊनच्या आधीच आपापल्या घरी गेल्या होत्या. माझी बायोमेडिकल सायन्सची डिग्री संपली होती, नोकरी नव्हती, म्हणून मी सिडनीच्याच गिरावीन उपनगरात मावशीकडे राहायला आले होते. मावशी कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर काम करायची. पुस्तकं घ्यायची, पुस्तकं द्यायची, म्हाताऱ्यांना प्रिंटर लावून द्यायची. लायब्ररी बंद झाल्यापासून ती घरीच होती. तिची ओळख मात्र काउंटरवरची नव्हती, स्वयंपाकाची होती. ब्लॅकटाउनपासून पॅरामॅटापर्यंतच्या मराठी घरांत "सुमेधाच्या हातची आमटी" असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे.

काकांची बायपास झाली होती आणि लशीचा दुसरा डोस अजून बाकी होता. डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षं सांगत होते, मीठ कमी करा, लवकर जेवा, चाला. काका ऐकत नव्हते. मावशीही फारसं मनावर घेत नव्हती. आता मात्र तिने एका दमात सगळं सुरू केलं. सूर्यास्ताच्या आत आमची ताटं झाकून टेबलावर यायची; तिचं जेवण तिच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या गुळण्या. परसात एकटीने फेऱ्या. झोपण्यासाठी ती शिलाई मशीनच्या खोलीत गेली आणि इथल्या ऑगस्टच्या कडाक्याच्या थंडीत खिडकी सताड उघडी ठेवू लागली.

"मोकळी हवा आरोग्याला चांगली," ती बंद दाराआडून म्हणाली.

"मग आमच्याही खिडक्या का उघडतेस?"

"तुमचं आरोग्य काय उकिरड्यावर टाकायचंय?"

आमटीत मीठ जेमतेम असायचं, भाजीत तिखट नावाला. काका पहिले काही दिवस कुरकुरले. मग बाकी काही करण्यासारखं नसल्याने तेही जेवल्यावर गल्लीत चालू लागले. फोनवरच्या तपासणीत त्यांनी घरच्या यंत्रावरचं ब्लडप्रेशर वाचून दाखवलं, तेव्हा डॉक्टर खूश झाले. "Whatever you're doing, mate, keep doing it."

फोन ठेवून काकांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"ऋता, तू शास्त्र शिकलीस. जरा शोध लाव. हिने झूमवर कुठला तरी बाबा पकडलाय."

"बाबा?"

"मग काय! वेगळं झोपायचं, मौन धरायचं, अळणी खायचं. उद्या म्हणेल घर आश्रमाच्या नावावर करा."

"तुम्ही स्वतःच का नाही विचारत?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोवळ्यातल्या बाईला काही विचारायचं नसतं. लहानपणी आईला चुकून शिवलो होतो. तिने पुन्हा अंघोळ केली, माझ्याशी दिवसभर बोलली नाही. अजून सोवळं म्हटलं की माझे पाय दारातच थांबतात."

बाबाची शक्यता मला पटत नव्हती. संशय मलाही होता, पण निराळा. माणसाच्या सवयी एका रात्रीत बदलत नाहीत, आणि बदलल्याच तर त्यामागे एखादी भीती असते. मी मावशीवर लक्ष ठेवू लागले.

तिच्या सोवळ्याचे नियमच जुळत नव्हते. भाजीत कांदा-लसूण बिनदिक्कत असायचा. दोरीवरचे कपडे काढताना माझा हात तिच्या हाताला लागला तर ती काहीच म्हणाली नाही. पण मी बोलायला तोंड उघडलं तशी झटकन मागे सरली. पोस्टमनने आणलेलं खोकं तिने सहज उचललं. काका समोरून येताना दिसले की मात्र ती भिंतीकडे तोंड करायची. तिचं सोवळं स्पर्शाचं नव्हतं, हवेचं होतं.

मग एका दुपारी स्वयंपाकघरातून जळका वास आला. दार ढकलून आत गेले. गॅसवर दूध उतू जाऊन पातेल्याच्या बुडाशी काळं झालं होतं, धूर खिडकीतून बाहेर चालला होता. मावशी शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे मेथी निवडत बसली होती.

"मावशी, दूध!"

ती दचकून उठली. आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला कळलंय हे तिला त्याच क्षणी कळलं.

आम्ही परसात गेलो. कुंपणापलीकडे वॅटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं. ती लिंबाजवळ उभी राहिली, मी कपड्यांच्या दांडीपाशी.

"वास कधीपासून येत नाही?"

"सर्दी झाली तेव्हापासून."

"तू शिंकत होतीस ती वॅटलच्या फुलांची अ‍ॅलर्जी होती ना?"

"मीच म्हटलं होतं तसं."

"ताप होता?"

"दोन दिवस कणकण होती. आता काही नाही गं, ठणठणीत आहे."

"आणि कोविडची टेस्ट केली नाहीस! ड्राइव्ह-थ्रू इथे कोपऱ्यावर आहे, मावशी. तू ऑस्ट्रेलियात वीस वर्षं काढलीस, अडाणी नाहीस."

"ओरडू नकोस, ते ऐकतील."

"ऐकू देत! त्यांची बायपास झालीय. माझा तर एकही डोस झाला नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. ओढणी तिच्या नाकावरून घसरली होती, ती तिने पुन्हा वर ओढली. "टेस्ट केली असती तर आरोग्यखात्याचे फोन आले असते. त्यांना कळलं असतं. आणि कळलं असतं ना, तर हा माणूस माझ्या खोलीत येऊन बसला असता. मागे मला फ्लू झाला होता तेव्हा उशाशी बसून होते. जा म्हटलं तर म्हणाले, मला काय धाड भरलीय? डॉक्टरांचं ऐकत नाहीत, सरकारचं ऐकत नाहीत. कशाचं ऐकतात, ते मला ठाऊक होतं."

"सोवळं."

"एका शब्दात दारात थांबले बघ."

मला राग आला होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. तिचा अंदाज चुकला असता तर? एवढ्याशा घरात उघड्या खिडक्यांवर भरवसा ठेवून तिने काकांच्या जिवाची पैज लावली होती. मी तसं बोलून दाखवलं. तिने वाद घातला नाही.

"आणि ते कमी मीठ?"

"मीठ किती पडलं ते मला कळतच नाही. जास्त पडण्यापेक्षा कमी बरं, म्हणून हात आखडता घेते. तुम्ही त्याला पथ्य म्हणालात, मी गप्प राहिले." तिने लिंबाचं एक पान खुडलं. "येईल ना गं परत? तू शिकलीयस ते."

"बहुतेकांचं येतं."

"बहुतेकांचं," ती म्हणाली. त्या शब्दातली फट तिला ऐकू आली होती. "त्यांना सांगू नकोस."

मी वचन दिलं नाही.

संध्याकाळी काकांनी गाठलंच. "काय, सापडला का बाबा?"

"बाबाबिबा कोणी नाही, काका."

आणखी एक प्रश्न विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होते. पण ते चालायच्या बुटांची नाडी बांधायला खाली वाकले.

"दूध जळलं होतं दुपारी," ते म्हणाले. "मला इथपर्यंत वास आला." आणि बाहेर गेले.

श्रावण संपला तसं मावशीचं सोवळंही सुटलं. ती टेबलावर जेवायला येऊ लागली, ओढणी गेली, रात्री खिडकी बंद होऊ लागली. काकांना किंवा मला काहीही झालं नव्हतं. नाक मात्र परतलं नाही. गणपती तोंडावर आले होते. एका सकाळी मावशीने दुकानातलं बिनमिठाचं लोणी जाड बुडाच्या भांड्यात कढवायला ठेवलं. लोणी तडतडलं, फेस आला, बसला, पुन्हा आला. ती झारा हातात घेऊन वाकून बघत राहिली. तूप झालं की नाही हे डोळ्यांना शेवटपर्यंत नीट कळत नाही. ते वासावर उतरवायचं असतं.

मी पुढे होणार होते. एवढ्यात तिने हाक मारली.

"अहो! जरा इकडे या."

काका आले आणि सवयीने उंबऱ्यावरच थांबले. "येऊ?"

"या."

ते शेगडीपाशी गेले. मावशी बाजूला सरली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, भांड्यावर वाकून डोळे मिटले आणि हुंगलं. हे आपल्याला का विचारते, असं त्यांनी विचारलं नाही.

"अजून जरा," ते म्हणाले.

ती गॅसच्या बटणावर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.