वत्सलाबाईंचे तळपाय

मी काशाची वाटी बोलतेय. आमटीची किंवा दह्याची नव्हे, तळपाय चोळायची. माझं बूड गुळगुळीत आहे, कड जाड आहे आणि तळहातात मावेन एवढाच माझा आकार. नाव घेण्यासारखं माझ्यात दुसरं काही नाही.

तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं, मग ठोकून ठोकून घडवलं. त्या ठोकण्याचं मला काही आठवत नाही. बडोद्याला मांडवीजवळ भांड्यांची दुकानं आहेत, तिथून वत्सलाबाईंच्या वडिलांनी मला उचललं आणि मुलीच्या लग्नात रुखवतावर मांडलं. लोक लाडवांचं कौतुक करत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

वत्सलाबाईंचे यजमान रमाकांतराव कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचे वडील गायकवाडी अमलात दप्तर सांभाळायचे, त्यामुळे घरात सगळं वेळच्या वेळी. फक्त झोप तेवढी वेळेवर यायची नाही. मग वत्सलाबाई बोटभर तूप घेऊन त्यांचे तळपाय माझ्या बुडाने चोळत बसायच्या. रमाकांतराव दिवसभराचं सांगत असायचे, साहेब काय म्हणाले, सायकल कुठे पंक्चर झाली. सांगता सांगता एखादं वाक्य अर्ध्यावरच थांबायचं. वाक्य थांबलं की मला पुसून स्टुलावर ठेवायचं, असा रिवाज होता.

तूप काळं पडायचं. अंगातली उष्णता निघाली, असं सगळे म्हणायचे. खरं सांगायचं तर तो काळेपणा माझाच. पण मला कुणी विचारलं नाही.

पुढे अभिजित झाला. त्याचे तळपाय आधी माझ्याएवढेच होते, मग मी त्यांना पुरेना. परीक्षा असली, ताप आला, शाळेत कुणाशी मारामारी झाली, की आई वाटी काढायची. माणसं मी चेहऱ्यावरून ओळखत नाही, पायांवरून ओळखते. रमाकांतरावांच्या करंगळीजवळ बुटाने पडलेला घट्टा होता. अभिजितच्या टाचा कायम धुळीच्या. वत्सलाबाईंचे तळपाय मात्र मला माहीतच नव्हते. त्या चोळणाऱ्या.

नव्वद सालानंतर हे कुटुंब दांडिया बाजार सोडून मांजलपूरला एका सोसायटीत राहायला आलं. घरात रंगीत टीव्ही आला, केबल आली. अभिजितला नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली. पाळ्या बदलत्या. रात्रपाळीहून कंपनीच्या बसने तो सकाळी यायचा, डोळे लाल, आणि बाहेर सगळी सोसायटी जागी झालेली. वत्सलाबाई पडदे लावायच्या, फोनचा आवाज दबावा म्हणून त्यावर उशी ठेवायच्या आणि मला घेऊन त्याच्या पायाशी बसायच्या. तो झोपला की मग स्वयंपाक.

त्याचं लग्न झालं. नीलिमा बडोद्यातल्याच अकोट्याची, विमा कंपनीत नोकरी करणारी. स्कूटीवरून यायची-जायची, बाहेर गुजराती आणि घरात मराठी बोलायची. सासू-सुनांचं भांडण नव्हतं. दोघी एकमेकींशी जपून वागायच्या, पाहुण्यांशी वागावं तशा.

एके दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी चहा केला आणि खोलीत येऊन रमाकांतरावांना हाक मारली. ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. स्टुलावर मी होते, माझ्या कडेला आदल्या रात्रीचं तूप थोडं राहिलं होतं.

वत्सलाबाई रडल्या नाहीत. आलेल्यांना पाणी दिलं, तेराव्याला किती पानं होतील ते सांगितलं, यजमानांचे कपडे घड्या घालून देऊन टाकले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी शेजारीच असायचे. ते खंबीरपण नव्हतं. काहीच नव्हतं. पंखा फिरत असायचा आणि वत्सलाबाई डोळे उघडे ठेवून त्याखाली पडलेल्या असायच्या. पहाटे दूधवाला आला की उठायच्या.

घरच्यांच्या लक्षात यायला काही महिने गेले. मग उपाय सुरू झाले. शेजारच्या कांचनबेननी गंठोडा आणून दिला, म्हणजे पिंपळमूळ. त्याची पूड गूळ घालून दुधात उकळायची. "सरस ऊंघ आवशे," त्या म्हणाल्या. छान झोप येईल. वत्सलाबाई रोज पेलाभर ते दूध प्यायच्या. नीलिमा दुधात जायफळ उगाळून द्यायची. अभिजितने टेपरेकॉर्डरवर बासरीची कॅसेट लावून पाहिली. कुणी म्हणालं, उशी पूर्वेला करा. तीही केली. वत्सलाबाई कशालाच नाही म्हणायच्या नाहीत आणि कशानेच झोपायच्या नाहीत. रात्री वारंवार तहान लागायची, वारंवार उठावं लागायचं. वय झालं, एवढंच त्यावर बोलणं झालं.

एका गोष्टीला मात्र त्या नाही म्हणाल्या. नीलिमाने एकदा स्टुलावरून मला उचललं आणि विचारलं, मी चोळून देऊ का? वत्सलाबाईंनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. सुनेने पायाला हात लावायचा तो नमस्काराला, असं काहीतरी पुटपुटल्या.

त्या पावसाळ्यात घरात सुतार आला. टीव्हीसाठी भिंतभर शोकेस करायचं होतं. आठवडाभर ठोकाठोक, भुसा, तुकडे. तो गेल्यावर एका रविवारी दुपारी वत्सलाबाई गॅसपाशी उभ्या उभ्याच पेंगल्या. दूध उतू गेलं, पदर शेगडीपासून वीतभर लांब होता. नीलिमाने गॅस बंद केला, सासूबाईंना हाताला धरून खोलीत आणलं आणि पलंगावर आडवं केलं. मग तूप आणलं आणि मला उचललं. या वेळी तिने विचारलं नाही.

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. विरोध करायचं त्राण नव्हतं.

असे मी वत्सलाबाईंचे तळपाय पहिल्यांदा पाहिले. कोरडे, गार, भेगा पडलेले. नीलिमा अंगठ्यापासून टाचेपर्यंत सावकाश चोळत होती. बराच वेळ गेला.

वत्सलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "कर ना सुरू."

नीलिमाचा हात थांबला. "आई, मी कधीची चोळतेय."

नीलिमाने पुन्हा चोळायला घेतलं, या वेळी जरा दाबून, आणि करंगळीच्या खाली माझी कड कशालातरी लागली. आवाज झाला. कातडीवर लागल्याचा नव्हे. धातू धातूला लागल्याचा आवाज मला कळतो.

नीलिमाने पाय उजेडाकडे वळवला. सुताराचा बारीक खिळा होता, डोक्यापर्यंत आत रुतलेला. भोवतीची कातडी काळी पडली होती, दाबल्यावर पू आला. वत्सलाबाई तो पाय टेकून कित्येक दिवस घरभर हिंडत होत्या.

"दुखत नव्हतं?" नीलिमाने विचारलं.

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "काहीच होत नव्हतं."

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. अकोट्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. मधुमेह जुना होता, त्याने पायाची जाणीव गेली होती. तहान लागणं, रात्रीचं उठणं त्याचंच. गुळाच्या दुधाने त्यात भरच पडली होती. करंगळी काढावी लागली. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

वत्सलाबाई घरी आल्या तेव्हा पायाला पट्टी होती. तळपाय चोळायचे नाहीत, अनवाणी चालायचं नाही, रोज पाय तपासायचे, असं बजावून सांगितलं होतं. चिंचेने घासून मला लखलखीत केलं आणि स्टुलावर पालथं ठेवलं. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं. तसं काही वाटलं नाही. स्टूल तेच होतं.

झोपेसाठीही डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारची डुलकी बंद. चार वाजल्यानंतर चहा नाही. रात्री कितीही जागरण झालं तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. झोप येत नसेल तर तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीवर बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. नीलिमाने हे सगळं नेमाने पाळून घेतलं. साखर उतरली, रात्रीचं उठणं कमी झालं. वत्सलाबाईंची मान डुलायला लागली. पण डोळे मिटायला लागले की त्या स्वतःच दचकून उठायच्या आणि खुर्चीवर जाऊन बसायच्या. हे मीच पाहत होते.

एकदा संध्याकाळी पट्टी बदलताना नीलिमाने विचारलं, झोप येते तेव्हा तुम्ही उठता का? तिने ते कधी पाहिलं होतं कुणास ठाऊक.

वत्सलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता.

"हे गेले तेव्हा मी शेजारी झोपलेले होते. गाढ. इतकी चांगली झोप मला कधी लागली नव्हती."

"तुम्ही जाग्या असतात तरी काय करणार होतात, आई?"

"काही नाही. हात धरला असता."

नीलिमाने पट्टीची गाठ मारली. कात्री, कापूस डब्यात भरून ठेवला. मग ती गेली आणि आपली गादी उचलून घेऊन आली.

"अभिजितची या आठवड्यात रात्रपाळी आहे," ती म्हणाली. "मला तिकडे एकटीला झोप लागत नाही. लग्न झाल्यापासून लागत नाही. सांगितलं नाही कधी."

वत्सलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "पंखा कितीवर हवा तुला?"

त्या रात्री दोघी जाग्याच होत्या. दुसऱ्या रात्री नीलिमा आधी झोपली. वत्सलाबाईंनी पलंगावरून हात खाली सोडला आणि तिच्या मनगटावर ठेवला. किती तरी वेळ तो तसाच होता. मग बोटं सैल पडली. दूधवाला आला तेव्हा दार नीलिमाने उघडलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही एखादी रात्र बिनझोपेची जाते. पण अभिजितची रात्रपाळी असली की गादी या खोलीत येते, आणि दिवसपाळी असली तरी दोन्ही खोल्यांची दारं उघडी असतात.

आता मी या घरातून निघाले आहे. सोसायटीत वरच्या मजल्यावर शिवांगी नावाची मुलगी राहायला आली आहे. रात्रभर फोनवर परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलते आणि दिवसा झोप येत नाही म्हणून डोळ्यांखाली काळं घेऊन हिंडते. वत्सलाबाईंनी तिला बोलावून मला तिच्या हातात दिलं. आधी आपल्या हाताने पाय नीट बघायचा, मग वाटी लावायची, एवढंच सांगितलं. शिवांगी म्हणाली, ही किती जुनी आहे, तुम्हाला लागेल ना? वत्सलाबाई म्हणाल्या, मला नको आता. त्यांची आडवं व्हायची वेळ झाली होती, त्या आत गेल्या.

वाचकहो, माझं मागणं फार नाही. मला तूप पुरे, महाग तेलं नकोत. मात्र घरात जो सगळ्यांना झोपवून मग दिवा मालवतो, त्याचे पाय एकदा बघून घेत जा. त्याचं त्याला कळत असेलच असं नाही.

शिवांगीने मला रुमालात गुंडाळलं आणि नीलिमाशी दारात दोन शब्द बोलत उभी राहिली. निरोपाचं काही वाटायला हवं होतं. काशाला फार वाटत नाही. पण आतल्या खोलीतून वत्सलाबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि नीलिमा बोलता बोलता हळू आवाजात बोलायला लागली.