न पुसलेलं तेल

मायक्रोस्कोप बोलतोय मी. शाळेच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण इथे तेवढा वेळ कुणाला आहे? ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर कपडा टाका माझ्यावर आणि व्हा चालते!

कारखान्यात माझ्या काचा घासणारा म्हातारा भारी चिकित्सक. बारीकसा चरा दिसला की काच बाद. "हिच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असणार आहे बाबा," म्हणायचा. मला ते खरं वाटलं.

तिथून मी क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत आलो, संशोधक मॅडमच्या टेबलावर. रुग्णाची थुंकी काचपट्टीवर पसरायची, रंगवायची, वर तेलाचा थेंब सोडायचा. मग माझी लेन्स त्या तेलाला टेकवून लाल काड्यांसारखे जंतू मोजायचे. प्रत्येक पट्टीनंतर लेन्स पुसायची. डोळे चुरचुरत असले तरी मॅडमचा हात आधी पुसायच्या कागदाकडे जायचा.

तेव्हाच्या उपचारात महिनोन्महिने इंजेक्शनं असत. रोग जाई, पण कित्येकांचे कानही जात. मॅडमनी नुसत्या गोळ्यांचा उपचार बसवला होता. साठ रुग्ण तो घेत होते. "एकाचेही कान जाऊ द्यायचे नाहीत मला," असं त्या माझ्यावर वाकून पुटपुटायच्या. माणसांना सांगून उपयोग नव्हता ना!

नेमक्या शेवटच्या तपासणीच्या आठवड्यात त्यांची आई आजारी पडली आणि त्या गावी गेल्या. विभागप्रमुख सरांना अहवालाची घाई. त्यांनी तंत्रज्ञ भाऊंना बसवलं.

"भाऊ, गुरुवारपर्यंत सगळ्या पट्ट्या उरका."

"एवढ्या, सर? दवाखान्यातल्या नव्या रुग्णांच्याही आहेत यात."

"मग काय, मुहूर्त काढू?"

भाऊ माणूस वाईट नव्हता. पण घाईत त्यांनी लेन्स पुसणं सोडलं. एखाद्या नव्या रुग्णाची जंतूंनी बुजबुजलेली पट्टी झाली की तेच तेल घेऊन मी पुढच्या, बऱ्या झालेल्या माणसाच्या पट्टीवर. त्याचे जंतू ह्याच्या नावावर! मला सगळं दिसत होतं हो, पण मला डोळा दिलाय, तोंड नाही.

अहवाल गेला. साठातल्या नऊ जणांत जंतू शिल्लक, गोळ्यांचा उपचार फसला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मॅडम परतल्या आणि तपासणीची वही घेऊन बसल्या. दुपारी सर आले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, हे नऊही जण जंतूंनी भरलेल्या पट्टीच्या लगेच पुढचे आहेत. लेन्स पुसलेली नाही. त्यांना परत बोलवू या, चार दिवसांचं काम आहे."

"अहवाल वर गेलाय. आता आपणच आपली शोभा करून घ्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम."

"आणि लोकांचे कान?"

"आजवर गेलेच की," सर म्हणाले आणि चहाला गेले.

मॅडमनी वर पत्रं धाडली. ती फिरून सरांच्याच टेबलावर आली. गोळ्या बंद झाल्या, इंजेक्शनं चालू राहिली.

दोन वर्षांनी मॅडमनाच खोकला लागला. या कामात लागतो कधीकधी. त्यांची पट्टी माझ्याखालीच आली. भाऊंनी तीनदा लेन्स पुसली, तीनदा पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मॅडमनी स्वतःसाठी गोळ्यांचा उपचार मागितला. "फसलेला उपचार देता येत नाही," असा सरांचा शेरा आला.

मॅडम बऱ्या झाल्या. कान गेले.

आता मी कोपऱ्यात आहे. नवी यंत्रं आली, माझ्याकडे कुणी बघत नाही. परवा सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला. मॅडम आल्या होत्या, केस पांढरे झालेत त्यांचे. बाहेर चहा चालू असताना त्या मला बघायला आत आल्या. मागोमाग सर आले.

"त्या नऊ पट्ट्या..." सर अगदी हळू म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं. मी चुकलो."

मॅडमनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात सर? जरा मोठ्यानं बोला."

सरांनी दाराकडे पाहिलं. तिथे माणसं उभी होती.

"काही नाही!" ते ओरडून म्हणाले. "तब्येत कशी आहे, विचारलं!"

"बरी आहे," मॅडम म्हणाल्या.

तुम्हाला हात आहेत. कुणीतरी एका कागदावर लिहून द्या हो त्यांना, सर आधी काय म्हणाले ते.