मुंढ्यात घट्ट

वहिनींनी फोनवर “हॅलो”सुद्धा म्हटलं नाही.

“भाऊजी, असाल तसे दुकानात या. आणि तुमचा तो प्रोग्राम कागदावर उतरवून आणता येत असेल तर आणा. मला त्याला कात्री लावायची आहे.”

धाकट्याने मुकाट्याने बूट चढवले. चाळिशी ओलांडली तरी घरादारात तो धाकटाच होता, आणि वहिनींचा आवाज चढला की त्याचं वय तेवढंच उतरे. त्यात गेला पंधरवडा त्याच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. सकाळी मेल उघडावा, तर कुणाचा ना कुणाचा कपडा घट्ट. ‘तुमच्या प्रोग्रामवर विसंबून सासऱ्यांचा कोट शिवला, आता तो त्यांच्या अंगातून निघत नाही.’ ‘मुलीचा फ्रॉक मुंढ्यात, अगदी बगलेपाशी काचतोय, तुम्हाला लेकरंबाळं आहेत की नाही?’ कोणती आवृत्ती वापरता असं विचारलं, तर उत्तर यायचं, ‘नवीन.’ एकाने लिहिलं होतं, ‘निळ्या चित्राची.’ शेवटी तो सगळ्यांना एकच वाक्य पाठवू लागला होता: कृपया मापं पुन्हा घ्या.

हे वाक्य वहिनींना ऐकवायची त्याची छाती नव्हती. प्रोग्राम मुळात त्याने त्यांच्यासाठीच लिहिला होता. मापं टाकायची, कपड्याचा पॅटर्न तयार होतो, तो कागदांवर छापायचा, कागद चिकटवायचे आणि त्यावरून कापड कापायचं. नंतर त्याने तो इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकला. कुणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. बघता बघता तो अशा शिंप्यांकडे पोचला, ज्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती. आता त्यांच्या शिव्या मात्र रोज वाचत होता.

दुकानात कटिंगच्या टेबलापाशी एक वेटर दोन्ही हात पसरून उभा होता. अंगात नवं काळं जाकीट. वहिनी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होत्या.

“ट्रे उचल,” त्या म्हणाल्या.

वेटरने रिकामा हात खांद्यापर्यंत नेला. मधलं बटण तटकन उडालं आणि मशीनखाली गेलं.

“अशी अठरा आहेत, भाऊजी. अख्ख्या हॉटेलची. आणि मापं मी स्वतः घेतलीत, तेव्हा तुमचं ते वाक्य माझ्यापुढे काढू नका.”

धाकट्याने वाक्य गिळलं. पॅटर्नच्या पहिल्या पानावर एक चौकोन छापलेला असतो, दहा बाय दहा सेंटिमीटरचा, छपाई बरोबर झाली की नाही ते बघायला. त्याने त्यावर टेप ठेवली. साडेनऊ. पुन्हा ठेवली. साडेनऊच.

“हा चौकोन मोजला नव्हता?”

“पहिली दोन वर्षं मोजला. एकदाही चुकला नाही. नवरा घरी आला की रोज त्याची ओळख पटवून घेतात का?”

त्याने आपल्या लॅपटॉपवरून तोच पॅटर्न छापला. चौकोन बरोबर दहा. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून छापला, तर लहान. मग तो त्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरला आणि थोड्या वेळाने कपाळावर हात मारून घेतला.

“वहिनी, हा माझा प्रोग्राम नाहीच.”

“वर नाव तर तुमचंच आहे.”

“नाव माझं, पण प्रोग्राम आला या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टीमबरोबर. ही सिस्टीम बनवणारे लोक माझ्यासारख्यांचे प्रोग्राम घेतात, आपल्या सिस्टीमला बसेल असं पॅकेज बांधतात आणि वाटतात. यांनी बांधताना आत हात घातलाय. सगळं पान कागदात बसावं म्हणून छपाई लहान केलीय.”

“म्हणजे कोट मी शिवायचा, वाटेत कुणीतरी बाह्या आखूड करायच्या, आणि आतलं लेबल माझंच ठेवायचं?”

“अगदी तसंच.”

“आणि शिव्या?”

“लेबल बघून येतात.”

पॅकेज बांधणाऱ्याचा पत्ता पॅकेजमध्येच होता. धाकट्याने त्याला मेल लिहिला. पहिला मसुदा वहिनींनी वाचला आणि म्हणाल्या, “यातले चार शब्द काढा, मग पाठवा.” संध्याकाळी पॅकेजवाल्याने आपला फोन नंबर कळवला. धाकट्याने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“बदल मीच केलाय,” पॅकेजवाला शांतपणे म्हणाला. मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. “बऱ्याच प्रिंटरवर कागदाच्या कडेचं छापलं जात नाही. मुंढ्याची गोलाई अर्धी गायब व्हायची. वर्षभर लोक मला बोलत होते.”

“अहो, पॅटर्न आहे तो! जाहिरातीचं पत्रक नव्हे, कागदात बसवलं की झालं.”

“मी तुम्हाला दोनदा लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं, प्रिंटर बदला.”

वहिनींनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा टेबलावरचा खडू निरखू लागला.

“असेल,” तो म्हणाला. “बदलायचा हक्क तुम्हाला आहेच, मीच दिलाय. पण बदल केलाय हे लोकांना सांगायचं कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय इथे.”

“सांगितलंय की. पॅकेजबरोबर एक फाईल येते. आधी ‘यूएसआर’मध्ये जायचं, त्यात ‘शेअर’, त्यात ‘डॉक’, मग पॅकेजच्या नावाचं फोल्डर—”

“हा पत्ता सांगताय, की माणूस हरवायची सोय करताय?” वहिनी म्हणाल्या.

“शिवाय अपडेट करताना पडद्यावर सूचना येते, ताई. पानभर. ती ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.”

“एंटर दाबलं की जाता येतं,” ट्रायल रूमच्या पडद्याजवळून आवाज आला.

थोरला. वहिनींचा नवरा, धाकट्याचा सख्खा भाऊ. हातात उसवायला घेतलेलं जाकीट तसंच धरून तो म्हणाला, “मागे मी अपडेट केलं तेव्हा काहीतरी लांबलचक आलं होतं. एंटर दाबत राहिलो, गेलं.”

“दादा, वाचलं नाहीस?”

“ते वाचत बसलो तर अपडेट कधी होणार?”

“बघा!” फोनमधून विजयी आवाज आला.

“काय बघा? माझा भाऊ आहे, माझाच प्रोग्राम आहे, तरी वाचत नाही. मग परक्याने का वाचावं? तुम्ही एरवी करता काय?”

“शाळेत गणित शिकवतो. हे संध्याकाळी, हौसेने. अशी साठेक पॅकेजं सांभाळतो.”

साठ हा आकडा ऐकून धाकट्याचा आवाज जरा खाली आला. त्याला एकच झेपत नव्हतं.

“सर, मुलाच्या वहीतल्या चुकीवर शेरा कुठे लिहिता? चुकीशेजारी, की मुख्याध्यापकांच्या कपाटात?”

पॅकेजवाल्याने रडतं मूल दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं.

“पॅटर्नवरच छापू म्हणता?”

“पॅटर्नवरच. चौकटीत.”

“चालेल. बदल मागे घेत नाही, नाहीतर कडा गेलेले सगळे पुन्हा माझ्या दारात. पण छापतो.”

मग मजकुरावरून जुंपली. धाकट्याचं म्हणणं, ‘मूळ लेखकाचा या बदलाशी काडीचाही संबंध नाही’ हे ठळक हवं. पॅकेजवाल्याला ती कोर्टाची नोटीस वाटली. त्याने सुचवलं, ‘मुद्रणसुलभतेसाठी प्रमाण अनुकूलित केले आहे.’ वहिनी म्हणाल्या, “म्हणजे काय झालंय?” कुणालाच धड सांगता येईना. दोघांनी एकमेकांचे शब्द खोडता खोडता चहा थंड झाला, पुन्हा माप द्यायला आलेला वेटर आपलं जुनं जाकीट घालून निघून गेला, आणि शेवटी हे उरलं: ‘हा पॅटर्न कागदात बसवण्यासाठी लहान केला आहे. बदल आमचा आहे, मूळ प्रोग्रामचा नाही. खऱ्या मापासाठी छापताना “पूर्ण माप” निवडा. तक्रार आमच्याकडे करा.’ खाली पॅकेजवाल्याचा पत्ता.

जाकिटांचं वहिनींनी निस्तरलं. दोघा भावांना उसवायला बसवलं आणि बगलेखाली काळ्या कापडाची पट्टी घातली. चार जाकिटं खांद्यातच आवळली होती, ती मुळापासून शिवावी लागली. त्या दिवसांत त्या थोरल्याशी कामापुरतंच बोलल्या.

चौकटीची आवृत्ती लवकरच सगळीकडे गेली. घट्ट कपड्यांचे मेल खरोखरच थांबले. धाकट्याला दोन दिवस चैन पडली. तिसऱ्या सकाळी त्याने मेल उघडला.

‘तुमच्या प्रोग्रामने प्रत्येक पॅटर्नवर ही भलीमोठी चौकट का छापावी? शाई जाते. ताबडतोब काढा.’ त्याखाली तसाच आणखी एक. त्याखाली आणखी.

त्याने पॅकेजवाल्याला फोन लावला. “चौकटीबद्दल आलंय.”

“मला एकही नाही,” पॅकेजवाला म्हणाला. “पत्ता तर माझाच छापलाय.”

“हो.”

“मग तुमच्याकडे का?”

“तुम्हीच सांगा, सर.”

पलीकडे घंटा झाली. “तास आहे माझा,” असं म्हणत पॅकेजवाल्याने घाईने फोन ठेवला. धाकट्याने सविस्तर उत्तर लिहायला घेतलं: पॅकेज म्हणजे काय, कोण बांधतं, कोण काय बदलतं. तिसऱ्या वाक्यापाशी थांबला, सगळं पुसलं, नुसता पॅकेजवाल्याचा पत्ता लिहिला आणि पाठवून दिला.