मी चोरीला गेलो होतो म्हणे!

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात एक छोटं वाचनालय आहे, तिथे माझा मुक्काम. पुण्याच्या छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं नुसती झळकत होती. वकील, मास्तर मला अदबीने उघडायचे. मग घरोघरी मोबाइल आले आणि मी धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, फार जिवाला लागलं.

यंदा मात्र भुवनेश्वरी आली. नववीतली मुलगी, घरी कानडी, शाळेत मराठी. चोरीशी नातं सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांवर तिला शाळेत भाषण करायचं होतं. मला घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून ती रोज संध्याकाळी इथेच बसायची. 'लूट' आणि 'ठग' हे शब्द आपल्याकडूनच साहेबाच्या भाषेत गेले, हे वाचून ती खुदकन हसली. 'रॉब' म्हणजे लुबाडणं आणि 'रोब' म्हणजे झगा, हे दोघे एकाच घरचे. पूर्वीचे लुटारू अंगावरचे कपडेही सोडत नसत ना! 'फेरेट' नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नावाचा अर्थ तर 'छोटा चोर'. बिचारा! पान उलटताना ही पोर बोटाला थुंकी लावत नसे, हो. मला तिचा लळाच लागला.

खंडेनवमीच्या सकाळी माझी जागा रिकामी दिसली. ग्रंथपाल महेश्वर सरांनी सगळी कपाटं धुंडाळली. मागची खोली तेवढी राहिली, पण झाडूच्या खोलीत पुस्तक कशाला असेल? आदल्या संध्याकाळी मला शेवटचं हाताळलं होतं भुवनेश्वरीने. त्यात ती चोरीचेच शब्द शोधत बसायची! लोकांना तेवढं पुरलं. ती आली तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पुस्तक आणून दे, मगच इथे पाय ठेव." मान खाली घालून ती निघून गेली.

आणि मी कुठे होतो? त्याच मागच्या खोलीत, पाटावर! झाडलोट करणाऱ्या निंगव्वाने पहाटेच झाडू, कात्री आणि माझी पूजा मांडली होती. पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही तिच्या घरची रीत. कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घालून, किल्ली कनवटीला लावून ती दुधनीला लेकीकडे गेली. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं. पोटात हजारो शब्द, पण एकही बाहेर येईना. जीव नुसता तळमळला.

दसऱ्याला सकाळी निंगव्वाने कुलूप काढलं. झालेला प्रकार ऐकून ती मला घेऊन सरांपुढे उभी राहिली. "मीच ठिवलं की पूजंला," ती म्हणाली. "येवढं थोर पुस्तक, त्याला हळदकुंकू नको व्हय?"

सरांचा चेहरा उतरला. मला काखेत मारून ते तडक भुवनेश्वरीच्या घरी गेले. माझं चुकलं म्हणाले, आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली. वर, नियम मोडून, शब्दकोश भाषण होईपर्यंत घरीच राहू दे म्हणाले.

तिने ओढणीने माझ्यावरचं कुंकू हळूच पुसलं आणि मला परत सरांच्या हातात दिलं.

"घरी नको, सर. मी तितंच येऊन वाचते. पण तवा ज्यांनी ऐकलं, त्यांच्यासमोर तुमी सांगा, मी चोर न्हाई म्हणून."

दुसऱ्या संध्याकाळी सर भरल्या वाचनालयात उभे राहिले आणि त्यांनी तसं सांगितलं. मगच ती बाकावर बसली आणि तिने मला उघडलं.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला जपा, हे तर मी सांगणारच. पण काही हरवलं तर आधी बंद खोल्या उघडून बघा, माणसाला चोर म्हणायची घाई करू नका. मी हरवलो तेव्हा सगळ्यांनी मला शोधलं. भुवनेश्वरीचं गेलेलं नाव मात्र तिला स्वतःच मागून घ्यावं लागलं.