दुपारी कोण असतं?

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न काय विचारतं, त्यावरून जितेंद्र वैती त्याची सगळी कुंडली मांडायचा. घाटावरचा माणूस आधी पाण्याचं विचारतो. कोकणातला खिडकी उघडून एखादं झाड दिसतंय का बघतो. आणि जन्मापासून मुंबईत वाढलेला विचारतो, स्टेशन किती लांब? स्टेशन प्रत्येक बिल्डिंगपासून दहा मिनिटांवरच असायचं. कुणाच्या पायांनी दहा मिनिटं, हे जितेंद्रने कधी सांगितलं नाही आणि जागा घेऊन होईपर्यंत कुणी विचारलंही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई रोडपासून उमेळ्यापर्यंत बघावं तिकडे बांधकाम चाललेलं. आज केळीची वाडी, उद्या खड्डा, आणि पुढच्या दिवाळीला तिथे कंदील लावलेल्या गॅलऱ्या. मुंबईत ज्यांना पाय पसरायला जागा नव्हती ती सगळी माणसं इकडे येत होती. जितेंद्र मूळचा पाचूबंदरचा, कोळ्याचा पोर. होडीवर गेला की त्याला उलट्या व्हायच्या. शेवटी बापाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "जा बाबा, तुझं तू बघ." मग त्याने एका गाळ्यात टेबल टाकलं, बाहेर पाटी लावली आणि घरं दाखवायला लागला. घरी तो पानी प्यायचा, दुकानात गिऱ्हाइकाला पाणी द्यायचा. एवढं जमलं की धंदा जमतो, असं त्याचं मत.

कोणत्या बिल्डिंगीत कोण राहतं हे त्याला तोंडपाठ. एकीत सगळे बँकवाले, एकीत पोस्टातले, एकीत देवगड-मालवणकडचे, एकीत साताऱ्याचे. गिऱ्हाइकाचं आडनाव ऐकलं की हा त्याला बरोबर त्याच्या माणसांत नेऊन सोडायचा. "सगळी आपलीच माणसं आहेत हो तिथे," हे वाक्य तो प्रत्येकाला म्हणायचा आणि ते प्रत्येकाला खरंच वाटायचं.

मनोरमा तावडेने यातलं काहीच विचारलं नाही. पन्नाशीची, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दुपारी कोण असतं?"

"कुठे, ताई?"

"बिल्डिंगीत. भर दुपारी कोण घरी असतं?"

जितेंद्रची कुंडली तिथेच अडकली. असा प्रश्न चोर विचारतो, नाहीतर पोलीस. ही दोन्ही वाटत नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, बाई पालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. राहायला चिंचपोकळीच्या चाळीत, नवरा विलास गिरणी बंद पडल्यापासून घरी. धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं, एका खोलीत दोन संसार मावेनात, म्हणून चाळीतली खोली त्याला सोडून ही दोघं इकडे येणार. माहेर देवगडचं. चला, आडनाव आणि माहेर मिळालं! जितेंद्रने टाळी वाजवली. "तुमच्यासाठी जागा तयार आहे. अख्खी बिल्डिंग तुमच्याकडची. रविवारी या."

"रविवारी नको. रविवारी सगळेच घरी असतात. मी बुधवारी येईन, माझी सुट्टी असते."

बुधवारी भर उन्हात ती आली. दुसऱ्या मजल्यावरची खोली बघितली, मान हलवली, नळ सोडून बघितला नाही की भिंतीला टिचकी मारली नाही. जितेंद्र कुलूप लावत होता तोच जिन्यात धडधड-खणखण असा मोठा आवाज झाला. बघतो तर एक स्टीलचा तांब्या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली चाललेला, आणि मनोरमा कठड्याला धरून, मान वाकडी करून उभी. ऐकत होती. तांब्या खाली जाऊन थांबला. एकही दार उघडलं नाही. समोरच्या दाराच्या भिंगामागे मात्र काहीतरी हललं आणि परत स्थिर झालं.

"निसटला वाटतं," जितेंद्र म्हणाला.

"हो," ती म्हणाली. खाली जाऊन तांब्या उचलला, पदराने पुसला, पिशवीत टाकला. "दुसरी जागा दाखवा."

पुढच्या बुधवारी बँकवाल्यांच्या बिल्डिंगीत तांब्या निसटला. त्याच्या पुढच्या बुधवारी पोस्टातल्यांच्या. बँकवाल्यांकडे एका बाईने साखळी लावलेल्या दारातून "सेल्समन नको" एवढं सांगितलं. पोस्टवाल्यांकडे एक कुत्रा भुंकला. आता जितेंद्रच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाईच्या हाताला कंप आहे म्हणावं, तर चहाचा कप ती कशी छान धरते. करणी-बिरणी म्हणावं, तर त्याला लिंबू लागतं, तांब्या कोण टाकतं? त्या आठवड्यात त्याचं धंद्यात लक्ष लागेना. साताऱ्याच्या एका सद्गृहस्थाला त्याने चक्क खरं सांगितलं, की स्टेशन वीस मिनिटांवर आहे.

शेवटी न राहवून त्याने विचारलंच. "ताई, रागावू नका. पण तो तांब्या तुम्ही मुद्दाम पाडता ना?"

मनोरमाने तांब्या बाहेर काढून टेबलावर ठेवला. बुडाला जुना पोचा होता. "हा ह्यांच्या हातातून पडला होता. मी ड्यूटीवर. हे पाणी प्यायला उठले आणि छातीत कळ आली. ओरडायलाही जमलं नाही. तांब्या तेवढा पडला. चाळीत दारं सताड उघडी, आवाज ऐकून शेजारचे सगळे धावले, खुर्चीत बसवून ह्यांना खाली नेलं. म्हणून आज माझ्या कपाळाला कुंकू आहे." तिचा आवाज जरा ओला झाला, पण थांबली नाही. "इकडे आलो की मी सकाळी जाणार ती रात्री येणार. हे दिवसभर एकटे. मला तुमचं मार्बल नको, संडास कुठल्या दिशेला तेही नको. तांब्या पडला तर कोण येतं, तेवढं मला बघायचंय."

जितेंद्रला मनापासून वाईट वाटलं. पण माणूस एजंट होता, वाईट वाटून झाल्यावर त्याचं डोकं चालायला लागलं.

उमेळ्याला एका नव्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावरची जागा कधीची पडून होती. बिल्डर रोज कानाशी भुणभुण करायचा. बिल्डिंग उभी होती ती जुलियानाबायच्या वाडीवर. जमिनीच्या बदल्यात म्हातारीला तळमजल्यावर घर मिळालेलं. घर मिळालं तरी सवयी कुठे जातात? लाल लुगडं नेसून ती दिवसभर उघड्या दारात पाय पसरून बसायची, शेंगा सोलायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोन रे तू? कोनाकडे?" विचारायची. कोंबड्या थेट जिन्यात. गिऱ्हाइकं हे बघून नाकं मुरडत, म्हणून जागा दाखवायच्या दिवशी जितेंद्र तिला हात जोडायचा, "बाय, आज जरा दार लावून घे ना."

मनोरमा यायच्या आदल्या दिवशीही, मंगळवारी, त्याने तिला तेच सांगितलं. आणि वर जाऊन बाकीच्यांना वेगळंच पढवलं. पहिल्या मजल्यावरच्या संपदा वहिनींना म्हणाला, "उद्या दुपारी जिन्यात भांडं पडल्याचा आवाज येईल. लगेच दार उघडून 'काय झालं हो?' म्हणायचं. बदल्यात जिन्यातला बंद दिवा मी बिल्डरकडून लावून घेतो." वरच्या मजल्यावरच्यांनाही हेच. दिव्यासाठी सगळे कावलेले होते, लगेच कबूल झाले.

बुधवारी मनोरमाबरोबर विलासही आला. उंचापुरा माणूस, पण चालताना भिंतीचा आधार शोधणारा. जिना चढायच्या आधी दम खायला तो खाली कट्ट्यावर बसला. जुलियानाबायचं दार बंद होतं. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, कारण दार लावून बसायचं म्हणजे तिला तुरुंगवास.

वर गेल्यावर मनोरमाने खोलीकडे बघितलं न बघितलं आणि तांब्या सोडला.

खणखणाट अजून जिन्यात घुमत होता, तेवढ्यात चारही दारं उघडली. वरून-समोरून एका सुरात आवाज आला, "काय झालं हो?" संपदा वहिनी तर साडी बदलून, पावडर लावून उभ्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कठड्यावरून वाकून म्हणाले, "लागलं नाही ना कुणाला?" आणि मग जितेंद्रकडे बघून, "दिवा कधी लागतोय?"

झालं. जितेंद्रला वाटलं, आता पायऱ्या फाटाव्यात आणि आपण आत जावं.

मनोरमा एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. दारं हळूहळू बंद झाली. "मला फसवता?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या जिवाशी नाटक करता? उद्या ते पडले, तर तुमचा दिवा येणार आहे का धावून? लाज नाही वाटत?" आणि तरातरा जिना उतरायला लागली.

"ताई, ऐका तरी! ताई!" जितेंद्र तिच्या मागे धावला. खालच्या वळणावर तो तांब्या पडलेला होता. त्याचा पाय नेमका तांब्यावर पडला. पाय एकीकडे, जितेंद्र दुसरीकडे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याने पाठीवरून उतरल्या. आवाज असा झाला की गॅलरीतली कबुतरं उडाली.

वरची दारं बंदच राहिली. संपदा वहिनी नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही परत एकदा टाकलात." त्यांचं तरी काय चुकलं? ठरल्याप्रमाणे एकदा येऊन झालं होतं त्यांचं.

तळमजल्याचं दार मात्र भिंतीवर आपटलं. जुलियानाबाय शेंगांची टोपली उडवून बाहेर आली. "अगो बाय माझी! कोन पडला? जितू? अरे मुडद्या, हाड मोडलं काय? हल नको, हल नको!" खाली बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कट्ट्यावरून धडपडत उठलेल्या विलासवर खेकसली, "तू कशाला धावतो? तुझं तोंड बघ केवढं पांढरं! बस खाली. आनि तू गो, उभी काय? आत माठ हाय, पानी आन दोगांना!"

मनोरमा निमूटपणे आत गेली आणि पाणी घेऊन आली. जितेंद्र कण्हत म्हणाला, "बाय, तुला मी दार लावायला सांगितलं होतं."

"सांगितलंस. म्हनून भांडं पडलं तरी गप बसले. आनि तू मेला असतास तर?" म्हातारीने त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली. "मानूस पडला की दार लावून कोन बसतं?"

मनोरमाच्या हातातला पेला तसाच राहिला. तिने विलासकडे बघितलं. तो कट्ट्यावर बसून पाणी पीत होता आणि म्हातारी त्याला विचारत होती, गाव कुठलं, पोरं किती, काळजाचं औषध घेतो की नाही. कितीतरी दिवसांनी तो कुणाशी एवढं बोलत होता. "वरची जागा घेऊ आपण," मनोरमा म्हणाली. मग जितेंद्रकडे वळली. "एक अट. ह्या आजींना दार लावायला परत कधी सांगायचं नाही."

जितेंद्रला हसायचं होतं, पण कंबर हसू देईना.

पावसाळ्याआधी तावडे राहायला आले. जिन्यात दिवाही लागला, जितेंद्रने बिल्डरच्या मागे लागून लावून घेतला. आणि त्याला एक खोड जडली. आता तो जागा दाखवायला निघताना स्वतःच पिशवीत एक स्टीलचा डबा टाकायचा. गिऱ्हाइकाला कळायचं नाही, पण तो जिन्यात डबा पाडायचा आणि कान देऊन उभा राहायचा. स्वतःच्या बिल्डिंगीतही एका दुपारी पाडून बघितला. कुणी आलं नाही. मग त्याने स्वतःच समोरच्या दाराची बेल वाजवली. तीन वर्षं समोरासमोर राहून नाव माहीत नव्हतं. नाव विचारलं, चहा झाला.

असाच एकदा उमेळ्याच्या त्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावरची जागा विकायला निघाली. जितेंद्र एका कुटुंबाला घेऊन गेला. खालच्या पायरीवर सवयीने त्याने डबा सोडला, आणि मग त्याचं लक्ष गेलं. जुलियानाबायच्या दाराला कुलूप होतं. ती निर्मळला लेकीकडे गेलेली.

डबा घरंगळत जाऊन थांबला. कुणी येईना. संपदा वहिनींना अलीकडे नोकरी लागली होती, वरचे कामावर. गिऱ्हाइकाच्या बायकोने विचारलं, "इथे दिवसा कुणी नसतं का हो?" जितेंद्र डबा उचलायला वाकला.

मग वर कडी वाजली. खूप वेळ काहीच दिसलं नाही, नुसता कठड्यावरून सरकत येणाऱ्या हाताचा आवाज आणि जड श्वास. एक पायरी, मग थांबायचं. दुसरी पायरी, मग थांबायचं. वळणावर विलास दिसला. बनियन, लेंगा, एका हातात पोचा पडलेला तांब्या, पाण्याने भरलेला, निम्मं पाणी लेंग्यावर सांडलेलं.

"अहो काका! तुम्ही कशाला उतरलात?" जितेंद्र धावत वर गेला आणि त्याने त्याला खांद्याशी धरलं. "डॉक्टरांनी एकट्याने जिना नको म्हणून सांगितलंय ना तुम्हाला?"

"म्हातारी घरी नाही," विलास धापा टाकत म्हणाला. "मग दुपारी बघायला नको कुणीतरी?" तो पायरीवर टेकला, तांब्या पुढे केला आणि काळजीने खाली बघायला लागला. "मनोरमाला सांगू नकोस मी उतरलो म्हणून. आणि पडलं कोण, ते आधी सांग."