वर ओढलेली शिडी

आईला थंडी भरायला लागून तीन महिने झाले होते. बागुइओ शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही सापडलं नाही. मार्चच्या उन्हात ती तीन तीन स्वेटर घालून बसायची, अन्न जात नव्हतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. म्हणायची, "लिनो, तुझ्या बापाला गारठा लागतोय रे. तोच माझ्या अंगात उतरलाय." आम्हा फिलिपिन्सच्या डोंगरातल्या इफुगाओंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चादरीत बांधून घरात जपलेल्या मयताच्या हाडांची आबाळ झाली, की घरातलं कुणीतरी कुडकुडायला लागतं. मी म्हणायचो, "बाबा काकांच्या कोठारात आहेत, कोरड्या जागी." पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळली होती, नंतर नाही.

खरं ते असं. दोन वर्षांपूर्वी इथल्या शहरातल्या बागेला लोकांना दाखवायला एक जुनं, बिनखिळ्याचं घर हवं होतं आणि पाटीवर आपलं नाव लागणार म्हणून मी फुशारून आमचं गावाकडचं दिलं. त्यातलं बाबांच्या हाडांचं गाठोडं हलवायचं तर डुक्कर कापावं लागतं, मुंबाकीने, म्हणजे आमच्या पुजाऱ्याने, रात्रभर मंत्र म्हणावे लागतात. आमचा मुंबाकी परगावी मयताला गेलेला, आणि ट्रक रस्त्यावर उभा. मीच ते गाठोडं उचललं, शेताच्या दगडी बांधाच्या खबदाडात सारलं, आणि आठवड्याभरात येतो असं मनाशी म्हटलं. त्या आठवड्यात पाऊस कोसळला आणि बांध गाठोड्यासकट दरीत गेला. तेव्हाच बोललो असतो तर हाडांशिवाय नुसत्या चादरीवरही विधी करता आला असता, आई बरी झाली असती. पण मला माझी लाज तिच्या जिवाहून मोठी वाटली. माणूस इतका कोडगा होऊ शकतो.

"एकदा घर दाखव," असं तिने धरलं, तेव्हा शनिवारी दुपारी तिला बागेत घेऊन गेलो. पाइनच्या झाडांखाली डोक्यात पिसं खोवून फोटोसाठी बसलेल्या म्हाताऱ्या पाहून ती दात वाजवत वाजवत म्हणाली, "ह्या कुणाच्या लग्नाला निघाल्यात?" मला हसू आलं, तेवढंच बरं वाटलं.

उंच खांबांवरच्या आमच्या घराशी राखणदार आंब्रोसिओ डोकं खाजवत उभा होता. मला पाहून म्हणाला, घर देऊन टाकलंत आणि आता पाहुण्यासारखे बघायला आलात होय! मग तो गंभीर झाला. लोकांनी चढू नये म्हणून शिडी तो खाली आडवी बांधून ठेवी. आज दोरी तशीच होती, शिडी नव्हती. ती वर होती, उंबऱ्याच्या आत ओढलेली, एक टोक तेवढं दिसत होतं. कुणी चावटपणा केलाय बघतो, म्हणून तो माणसं बोलवायला गेला.

आमच्यात शिडी आतूनच ओढतात. घरातली सगळी आत आली, की शेवटचा माणूस ती वर घेतो. आई मात्र खांबाला टेकून शांतपणे वर बघत होती, जशी संध्याकाळी शेतातून आल्यावर बघायची.

"मी आलेय," ती म्हणाली. "सोडा शिडी."

लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज झाला. शिडी सावकाश खाली आली आणि तिच्या पायांशी टेकली. वर दारात अंधाराशिवाय काही नव्हतं. महिनाभर पाऊस नव्हता, बागेतली माती पिठासारखी उडत होती, आणि शिडीच्या प्रत्येक पायरीवर ओला लाल चिखल होता, आमच्या बांधाचा. आईने तो बोटावर घेतला, हुंगला, चोळला.

"कोरड्या जागी, म्हणालास."

तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. मग एकेक करून तिन्ही स्वेटर अंगातून काढले, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिले.

"घाल," ती म्हणाली. "मला आता थंडी नाही वाजत."

भर दुपारच्या उन्हात मी तिन्ही घातले. गारठ्याला पुरले नाहीत.