कार्मेनमाउलीची पाठ

बंदरासमोरचं घर सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या हिनेसने लेकीला एकच अट घातली होती. जुलैत कार्मेनमाउलीच्या, म्हणजे कोळ्यांना सांभाळणाऱ्या मेरीमातेच्या मूर्तीची मिरवणूक निघेल त्या दिवशी गॅलरी आपली. फुएनसांता हसून हो म्हणाली आणि बापाला मागच्या गल्लीत आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथून समुद्र दिसत नाही, पण लिफ्ट आहे.

अट हट्टाची नव्हती, गावाचा रिवाजच तसा. ज्या कोळ्याने उमेदीत माउलीच्या पालखीला खांदा दिला आणि ज्याचे गुडघे आता मिरवणुकीमागे चालू देत नाहीत, त्याच्या घरासमोर पालखी थांबते. घंटा वाजते, खांदेकरी जागच्या जागी वळतात आणि माउली त्याच्या गॅलरीकडे तोंड करून उभी राहते. म्हातारा टोपी काढतो. मग पालखी बोटीवर चढते. एवढंच, पण एवढ्याशासाठी हिनेस वर्षभर एक पांढरा शर्ट जपून ठेवायचा.

फुएनसांता विसरली नव्हती. विसरली असती तर निदान सांगायला सबब तरी उरली असती. मिरवणुकीच्या आठवड्यालाच दुप्पट भाडं मिळतं, आणि दाराशी आलेलं गिऱ्हाईक परतवणं तिच्या जिवावर आलं. एक डच जोडपं राहायला आलं. बाबांना तासभर गॅलरीत बसू द्याल का, असं विचारायला ती टॉवेल द्यायच्या निमित्ताने दोनदा जिना चढली आणि दोनदा न विचारता उतरली. चार पैसे मोजून आलेली माणसं, चिडली आणि इंटरनेटवर काही वाईटसाईट लिहिलं तर पुढचा उन्हाळा बुडालाच.

"यंदा खालून बघू या, बाबा. जवळून दिसेल," ती म्हणाली.

"मालकीणबाई म्हणतील तसं," हिनेस म्हणाला आणि शर्टाची बटणं लावू लागला.

घराच्या दारात ऊन होतं. म्हणून तिने काळजीने बापाची खुर्ची रस्त्यापलीकडे, मासळीबाजाराच्या भिंतीच्या सावलीत मांडली. ब्लासला मात्र काही सांगायचं तिला सुचलं नाही. पालखीपुढे घंटा घेऊन चालणारा ब्लास गेली कित्येक वर्षं त्याच घराकडे पालखी वळवत आला होता.

पालखी आली. हिनेस भिंतीला धरून उठला, टोपी काढून छातीशी धरली. ब्लासने सवयीने घंटा वाजवली आणि खांदेकरी खाली मान घालून सवयीनेच गॅलरीकडे वळले. वरून डच जोडप्याने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. हिनेससमोर होता माउलीचा जरीचा झगा आणि तो सावरायला मागून टोचलेल्या पिना.

"ब्लास, अरे इकडे!" फुएनसांता ओरडली, पण बँडपुढे कुणाला काय ऐकू येणार? पालखी सरळ झाली आणि धक्क्याकडे निघून गेली.

गर्दी पांगली तशी डच बाई खाली उतरली. ते टोपी काढून उभे असलेले आजोबा कोण, असं तिने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. फुएनसांताने सगळं सांगितलं. बाई ऐकतच राहिली.

"अहो, मग सांगायचं नाही का? वर दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं फुएनसांताला वाटलं. शरमेने तिला वर बघवेना.

परतताना हिनेस तिच्या दंडाला धरून चालत होता.

"आयुष्यभर माउलीला खांदा दिला, समोरून पाहिलं," तो म्हणाला. "तिच्या पाठीला पिना असतात, हे आज कळलं."

"पुढच्या वर्षी गॅलरीत बसवते, बाबा. शप्पथ."

"पुढच्या वर्षी कोण येतंय राहायला?" त्याने साधेपणानेच विचारलं.

पुढच्या जुलैचा तो आठवडा फुएनसांताने सकाळीच एका कुटुंबाला देऊन टाकला होता.